प्रतिसाद: निकॉनवर हेलिओस

निकॉनच्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स लावली की लांबचं धूसर का येतं, असं विचारलंय. हा लेन्सचा दोष नव्हे. अशा एम४२ (४२ मिमी आट्यांच्या) लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं आणि निकॉनचा माउंटच, म्हणजे लेन्स जोडायची जागाच, ४६.५ मिमीवर असते, म्हणून लेन्स जरा जास्त लांब बसते. कॅननच्या डीएसएलआरचा ४४ मिमीवर, त्यामुळे तिथे साधी जोडकडी पुरते. निकॉनवर लांबचं स्पष्ट यावं म्हणून आत भिंग असलेला अडॅप्टर लावतात, तो मला तरी पटत नाही, चित्र मऊ पडतं. २००५ची कॅनन ५डी मिळाली तर बघा, १२.८ मेगापिक्सेल पणजीतल्या फोंताइन्यासच्या रंगीत भिंतींना भरपूर झाले! काही लेन्सचा मागचा भाग मात्र तिच्या आरशाला लागतो, तेवढं तपासून घ्या. आणि आपल्या गोव्यातल्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये नको, बुरशी धरते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल.