'साठी बुद्धी नाठी' म्हणत किती दिवस काढले? तुमचे अनुभव लिहा

आपल्या भागात माणूस विसरायला लागलं की दोन्ही भाषांत म्हण तयार असते. मराठीत 'साठी बुद्धी नाठी', कन्नडात 'अरवत्तक्के अरळु मरळु'. माझ्या आईच्या बाबतीत या दोन म्हणींवर आमची तीन वर्षं गेली. शेजारची कन्नड अज्जी एक म्हणायची, आत्या दुसरी, आणि आम्ही दोघींपुढं मान डोलवायचो. तोवर आई दूध गॅसवर ठेवून गच्चीत जाऊन बसायची आणि करपल्याचा वास आला की "कुणाच्या घरात जळतंय बघा गं" म्हणून आम्हालाच हाक मारायची.

21 सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्या निमित्तानं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्यांनी आपापलं लिहावं. स्मृतिभ्रंशच पाहिजे असं नाही. कान, डोळे, पाय, कंपवात, काहीही चालेल. माणसांची आणि दवाखान्यांची नावं नकोत. घडलेलं लिहा, उपदेश नको.

टिळकवाडी, मुलगा

बाबांची स्मरणशक्तीची परीक्षा घेतली, 30 मार्कांची. साल कुठलं, महिना कुठला, आपण कुठल्या गावात आहोत. साल चुकलं. गाव 'बेळगाव' सांगितलं. (2014 पासून कागदावर बेळगावी आहे, खरं त्याचा मार्क कुणी कापत नाही.) मग डॉक्टरनी विचारलं, "राज्य कुठलं?" बाबा खुर्चीत ताठ झाले. "महाराष्ट्र."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "सर, हे उत्तर ते 40 वर्षं देतात. सीमाप्रश्नाच्या मोर्चात डोकं फोडून घेतलंय त्यांनी. याला आजार समजू नका." डॉक्टर हसले, मग म्हणाले, "बरं, आधी कुठल्या राज्यात होता तुम्ही?" बाबा लगेच, "मुंबई राज्य. 1 नोव्हेंबर 56 ला घातलं आम्हाला इकडं." तारखेसकट! आणि त्याच माणसाला सकाळी नाष्ट्याला काय खाल्लं ते सांगता येईना. अंबोळी खाल्ली होती, शर्टावर चटणीचा डाग तसाच होता.

पाव्हणे इथंच फसतात. "अहो, सगळं आठवतंय की त्यांना!" डॉक्टरनी समजावलं की अल्झायमरमध्ये मेंदूतली नवी आठवण साठवायची जागा आधी खराब होते, जुना माल बराच काळ शाबूत राहतो. म्हणून 56 साल पक्कं आणि अंबोळी गायब.

आणखी एक. पहिल्या ठिकाणी हीच परीक्षा अर्धी इंग्रजीत, अर्धी कन्नडात झाली होती. तिथं 14 मार्क पडले. मराठीत घेतली तर 19. बाबांना कन्नड येतं, बाजारापुरतं. शंभरातून सात-सात वजा करण्यापुरतं येत नाही. डॉक्टर कुठल्याही भाषेचे असोत, परीक्षा पेशंटच्या भाषेत घ्या म्हणून अडून बसा. हा सीमाप्रश्न आपल्या हातात आहे.

वडगाव, सून

माझं थोडक्यात. सासूबाईंची बोरमाळ हरवली आणि चोर मी ठरले. गल्लीभर झालं, माझ्या माहेरपर्यंत गेलं. नवराही दोन दिवस नीट बोलला नाही. माळ तांदळाच्या डब्यात तळाला सापडली, जुन्या पोलक्याच्या चिंधीत गाठ मारून ठेवलेली. त्यांनीच ठेवली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, पुन्हा मीच.

ठेवलेलं विसरायचं आणि जो सगळ्यात जवळ असतो त्याच्यावर आळ घ्यायचा, हे या आजारात फार बघायला मिळतं, असं नंतर कळलं. कळल्यावर राग गेला असं खोटं लिहिणार नाही. आता मी "मी नाही घेतली" म्हणतच नाही. "चला आई, दोघी मिळून हुडकूया" म्हणते आणि आधी तांदळाचा डबा उघडते.

शहापूर, विणकर

आमच्या तात्यांना सगळे 'भ्रमिष्ट' म्हणायला लागले होते. विचारलं एक की उत्तर दुसरंच. पस्तीस वर्षं पॉवरलूमवर गेली त्यांची, त्या खडखडाटात कान गेले होते. कानाला ऐकायची मशीन बसवली तर निम्मा भ्रमिष्टपणा गेला. उरलेला निम्मा खरा आहे, त्याची गोळी चालू आहे. कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत धरतात. आमच्या गल्लीत मागावरची किती माणसं "काय? काय?" करतात ते मोजायला बसू नका.

निपाणी, मुलगी

अण्णा माळकरी. मटण-मासे सोडाच, पन्नास वर्षांत अंडं शिवलं नाही. विसरायला लागले, पाय बधिर, चालताना झोक जायचा. आम्ही मनाशी धरलं, झालं, अल्झायमर. रक्त तपासलं तर बी-12 जीवनसत्त्व फारच कमी. इंजेक्शनं सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत हिशेब पुन्हा तोंडी करायला लागले. पायाचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही, उशीर झाला म्हणाले. विसरण्याची तक्रार घेऊन गेलात की बी-12 आणि थायरॉइड आधी बघायला सांगा.

खानापूर तालुका, मुलगा

वडील बाहेर पडायचे ते आम्हाला न सांगता. एकदा थेट धारवाडच्या स्टँडवर सापडले. खिशात आमच्या नंबरची चिठ्ठी होती, पण नुसती मराठीत, 'हरवल्यास कळवावे' वगैरे. कंडक्टरला वाचता आली नाही. भला माणूस, चार जणांना विचारत बसला. आता शर्टाच्या कॉलरच्या आत कापडी पट्टी शिवून घेतली आहे. वर कन्नड, खाली मराठी, नंबर इंग्रजी आकड्यांत. शिंपी म्हणाला, "तिन्ही? इतकी जागा कुठाय?" काढली जागा.

चिकोडी, स्वतः

विषय जरा वेगळा. डावा पाय पोलिओचा, 60 टक्के. दिव्यांग म्हणा नाहीतर अपंग म्हणा, माझी हरकत नाही. हरकत जिन्याला आहे. ज्या कचेरीत मला यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं, काम होतं ती पहिल्या मजल्यावर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत आणि इमारतीत सगळ्यांना शिरता आलं पाहिजे असंही आहे. खालून फोन केला तर साहेब म्हणाले, "वर या."

वर गेलो, बसत बसत. मग नाव जुळेना. शाळेचा दाखला मराठी, आधार कन्नड-इंग्रजी, आडनावाचं स्पेलिंग दोन्हीकडं दोन तऱ्हेचं. चार खेपा झाल्या. ज्यांना काढायचंय त्यांनी आधी घरी बसून सगळ्या कागदांवरचं इंग्रजी स्पेलिंग एक करून घ्या. सवलतींना बहुतेक ठिकाणी 40 टक्के लागतात, पण कार्ड एकदा झालं की देशभर चालतं, कोल्हापूरलाही. एवढं एक बरं.

बेळगाव, काका (वय 71)

घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर कशाला मांडता? आमच्या आईनं आज्जीला सांभाळलं, कुणाला कळलंसुद्धा नाही.

वडगाव, सून (पुन्हा)

काका, तुमच्या आईला विचारलं होतं का कुणी, तिला कसं गेलं ते?

धागा काढणारी

वाद नको. काकांनी लिहिलं तेही राहू दे, कारण तसंच सगळीकडं चालतं. ज्यांना सांभाळताना स्वतःलाच झेपेनासं होतं त्यांच्यासाठी दोन नंबर: टेली-मानस 14416, हा मनाच्या त्रासासाठी, आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन 14567. 14416 वर मी दोनदा रडले आहे, पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही.

येळ्ळूर, नात

आज्जोबा दिवे लागणीला उठतात आणि गोठ्याकडं जातात. बैलं विकून बारा वर्षं झाली, गोठ्यात आता भावाची बुलेट असते. आधी आम्ही सांगायचो, "बैलं नाहीत आज्जोबा, विकली की." मग ते रोज नव्यानं रडायचे. रोज. बाबांनी एकदा चिडून बुलेटवर हात आपटून दाखवला तर ते बाबांनाच ओळखेनात.

आता मी टॉर्च घेऊन बरोबर जाते. कालचं सांगते. दारातच थांबले, म्हणाले, "बांधली काय?"

"बांधली."

"पाणी दाखवलंस?"

"दाखवलं."

"मग चल, थंडी पडली." आणि आत येऊन भाकरी खाल्ली.

खोटं बोलते म्हणून आई मला रागावते. इथं कुणी असं करतं का?