कासवाचे डोळे सुजलेत, कवच मऊ पडलंय: थेंब घालू का?

नाशिककर७
रेड इअर्ड स्लायडर आहे, कवचाची लांबी ७ सेंमी. प्लास्टिकचं माडाचं झाड असलेल्या उथळ टबात ठेवलंय, पाणी चार बोटं. खाणं म्हणजे डबीतली सुकी कोळंबी. थंडी वाढल्यापासून पाच दिवस तोंड लावलेलं नाही. दोन्ही डोळे फुगून मिटलेत, कवचाची कड दाबली की लवते. दुकानातून डोळ्यांचे थेंब मिळालेत, ते रोज घालायचे का? शेजारी तर म्हणतात, गंगापूर धरणात सोडून मोकळे व्हा.

शेवाळ
थेंब तूर्त बाजूला ठेवा. फुगलेले डोळे म्हणजे बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाची कमतरता, त्यात घाण पाण्याची भर. सुक्या कोळंबीत ते जवळजवळ नसतंच. कड लवते ती कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातली अतिनील किरणं) न मिळाल्यामुळे. अगदी पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतं, पण ७ सेंमीला ते टणक हवं.

आधी ऊब द्या, मग खाणं. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की पचन मंदावतं. तेव्हा बळेबळे भरवलेलं पोटात कुजतं. पाणी २६ ते २८ अंशांवर आणा. एक दिवस तसंच राहू द्या, मग खाणं पुढे करा. डोळे मिटलेले असल्यामुळे त्याला खाणं दिसत नाही, म्हणून चिमट्याने नाकाजवळ धरून हळू हलवा, वासाने तोंड उघडतं. कोंबडीच्या कलेजीचा हरभऱ्याएवढा तुकडा आठवड्यातून एकदाच. एरवी कासवांच्या गोळ्या, रोज त्याच्या डोक्याच्या आकारमानाएवढ्या. शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा चालेल. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा पाण्यात टाका, कुरतडेल.

अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घरी किंवा ओळखीच्या कंपाउंडरकडून देऊ नका. मात्रा जास्त झाली तर कातडी सालपटासारखी निघते. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे या आठवड्यातच न्या. नाकातून बुडबुडे येऊ लागले, तोंड उघडून श्वास घेऊ लागलं किंवा एका कुशीवर कलून तरंगू लागलं, तर न्यूमोनियाची शंका घ्या. मग त्याच दिवशी.

काचपेटी
तो टब काढून टाका. कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी धरतात. तुमचं पावणेतीन इंच, म्हणजे ११० लिटर. ३ × दीड × दीड फुटाची पेटी एक फूट भरली की सुमारे १२७ लिटर होतात. वरचं अर्धा फूट रिकामं ठेवा, नाहीतर चढून बाहेर पडतं. मादी २५ सेंमीपर्यंत, कधी त्याहूनही मोठी होते, तेव्हा हीसुद्धा अपुरी पडेल.

तळाला बारीक खडी नको. गिळतं आणि आतडं तुंबतं. एक तर तळ मोकळा ठेवा किंवा त्याच्या डोक्याहून मोठे गोटे टाका. पाण्याबाहेर पूर्ण कोरडी होईल अशी बसायची फळी हवी. तिच्यावर दिवसा ३२ अंश ऊब देणारा बल्ब आणि शेजारी यूव्हीबीचा दिवा, दोन्ही १० ते १२ तास, रात्री बंद. यूव्हीबी साधारण एक फुटावर, मध्ये काच नको. साधी काच ती किरणं अडवते. दिवा पेटत असला तरी सहा ते बारा महिन्यांत किरणं ओसरतात, म्हणून खोक्यावर तारीख लिहून ठेवा. 'यूव्ही दिवा' मागितला तर दुकानात पाणी निर्जंतुक करायचा दिवा हातात येतो. तो डोळे जाळतो!

पाणकणीस
दिवा येईपर्यंत सकाळचं कोवळं ऊन, २० मिनिटं, अर्ध्या टबावर सावली ठेवून. टब छोटा असला तर पाणी बघता बघता तापतं, तेव्हा नजर हलवू नका. कावळे आणि घारींसाठीही.

धरणाचं मनातसुद्धा आणू नका. हे मिसिसिपीच्या खोऱ्यातलं कासव. आपल्याकडच्या पाण्यात तगतं आणि देशी कासवांचं खाणं-जागा बळकावतं, शिवाय रोगही नेतं.

आणि हात लावल्यावर साबणाने धुवा. पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका, त्यात साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे ती त्यासाठीच, कारण मुलं ती तोंडात घालतात.

नाशिककर७
थेंब बाजूला ठेवले, उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. हीटर किती वॅटचा घेऊ? फिल्टर लावला तरी पाणी बदलावं लागतं का?

काचपेटी
१२७ लिटरला १५० वॅट, प्लास्टिकची जाळी असलेला. कासव धडका देऊन काच फोडतं. पाणी काढण्याआधी प्लग काढून १५ मिनिटं थांबा. तापलेली नळी उघडी पडली आणि वर गार पाणी लागलं की तडकते.

फिल्टर दुप्पट क्षमतेचा, म्हणजे २५० लिटरच्या पेटीसाठीचा. तरी आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, नवं पाणी क्लोरीन काढून आणि त्याच तापमानाचं. स्पंज नळाखाली धुऊ नका, पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाच्या क्लोरीनने त्यातले घाण पचवणारे जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत अमोनिया चढतो. मग डोळे पुन्हा सुजतात.