अनुभव धागा: स्क्रीनबाहेर उघडणाऱ्या विंडो

प्रोग्राम टास्कबारवर चालू दिसतो, मात्र त्याची विंडो कुठेच सापडत नाही, हा प्रकार दुसरा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर काढल्यावर अनेकांच्या वाट्याला येतो. आपण काय जोडले वा काढले होते आणि विंडो कशी परत आणली, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. आरंभ मीच करतो.

आरेखनकार, वाळूज
कारखान्यात माझ्या लॅपटॉपच्या डावीकडे मोठा मॉनिटर असतो. घरी नुसता लॅपटॉप. घरी आरेखनाचे सॉफ्टवेअर उघडे, पण छपाईची आज्ञा देताच ते कोणत्याही क्लिकला दाद देईनासे होई. वास्तविक ते बंद पडलेले नसून, घरी नसलेल्या मॉनिटरच्या जागी उघडलेल्या डायलॉग बॉक्सच्या उत्तराची वाट पाहत असे. विंडोज स्क्रीनवरची प्रत्येक जागा आडव्या आणि उभ्या अंकांनी मोजते आणि मुख्य स्क्रीनचा वरचा डावा कोपरा तिच्या हिशेबी शून्य-शून्य असतो, त्यामुळे डावीकडच्या मॉनिटरवरील आडवे अंक ऋण होतात. प्रोग्राम बंद होताना तेच अंक जपून ठेवतो आणि ती जागा अजून अस्तित्वात आहे की नाही, हे न तपासता पुन्हा तिथेच उघडतो. अशा वेळी एस्केप दाबले की अडकलेले सॉफ्टवेअर निदान मोकळे होते.

शिकवणी वर्गातील शिक्षक, लातूर
आमच्याकडे उलट घडले. प्रोजेक्टर बंद होता, परंतु एचडीएमआय केबल लॅपटॉपलाच होती, आणि संगणकाच्या लेखी दुसरी स्क्रीन हजर असल्याने प्रश्नपत्रिकेची फाइल कोऱ्या भिंतीवर उघडत होती. विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘फक्त संगणकाची स्क्रीन’ हा पर्याय निवडला आणि फाइल समोर आली. तेव्हापासून तास संपला की केबल काढण्याचे काम एका विद्यार्थ्याकडे सोपवले आहे.

आडत दुकानाचे हिशेबनीस, जालना
मोंढ्यातील आमच्या दुकानात जुना मॉनिटर दुसऱ्या टेबलावर नेला आणि हिशेबाचा प्रोग्राम दिसेनासा झाला. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी तो काढून नव्याने बसवला, तरी फरक पडला नाही. कारण प्रोग्राम काढला तरी त्याची सेटिंग पुष्कळदा मागे राहते आणि विंडोची जागा तिच्यातच नोंदलेली असते. ऐन तुरीच्या हंगामात शेतकरी पट्टीसाठी खोळंबले होते. शेवटी भाच्याने फोनवरून सांगितले, “मामा, टास्कबारवर त्या प्रोग्रामवर क्लिक करा, ऑल्ट धरून स्पेस दाबा, मग एम, आता कुठलीही बाणाची कळ एकदा दाबा आणि माउस हलवा.” विंडो माउसला चिकटून आत आली. ती पूर्ण आकारात असेल तर ऑल्ट-स्पेसने उघडणाऱ्या यादीतला ‘मूव्ह’ (म्हणजे एम) हा पर्याय फिका दिसतो. तेव्हा आधी ‘रिस्टोर’ निवडावे लागते.

प्राध्यापिका, परभणी
विंडोजऐवजी लिनक्स असेल, तर त्याच्या ग्नोम नावाच्या डेस्कटॉप मांडणीत विंडो हलवण्याचे हेच काम ऑल्ट आणि एफ ७ करते.

फ्लेक्स छपाई व्यावसायिक, नांदेड
जालन्याच्या मामांची युक्ती सर्वत्र चालत नाही. काही सॉफ्टवेअर स्वतःची वेगळी शीर्षकपट्टी वापरतात आणि ऑल्ट-स्पेसला ओळखही दाखवत नाहीत. दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण यांनी विंडो थेट पलीकडच्या स्क्रीनवर जाते, आणि ही सोय विंडोज ७ पासून आहे. चित्रसंपादनातील हरवलेल्या रंगांच्या व लेअरच्या चौकटींसाठी मात्र वर्कस्पेस रीसेट करणे हाच उपाय मला खात्रीचा वाटतो, जरी आपली बसवलेली मांडणी त्यात मोडते.

घरून काम करणारी संगणक अभियंता, अंबाजोगाई
आमच्याकडे वीज गेली की मॉनिटर बंद होतो आणि लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो. डिस्प्लेपोर्टने जोडलेला मॉनिटर नुसता बंद केला तरी विंडोज पुष्कळदा तो काढून घेतला असे मानते आणि सगळ्या विंडो लॅपटॉपवर गोळा करते. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये, एकाहून अधिक स्क्रीनच्या भागात, जोडणीनुसार विंडोच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू असल्यास वीज आल्यावर विंडो आपापल्या ठिकाणी परततात. मॉनिटर निघताच त्यावरील विंडो मिनिमाइज करण्याचा शेजारचा पर्याय मी बंद ठेवला आहे, कारण बैठक चालू असताना वीज गेली तर तीच विंडो सर्वांत आधी हवी असते.