अटलांटिक ओलांडताना बिझनेस क्लास : तुमचे अनुभव लिहा

युरोप आणि अमेरिकेच्या मधल्या बिझनेस क्लास प्रवासाचे अनुभव एका जागी असावेत म्हणून हा धागा. मुंबई–नेवार्क थेट विमानाची चर्चा इथे नको. तो पंधरा-सोळा तासांचा मामला निराळा, त्यात दोनदा जेवून, सिनेमा बघून वर सात तास ताणून देता येते. न्यूयॉर्क, बॉस्टनहून लंडन-पॅरिसकडे येताना तसं होत नाही. रात्री निघालं की साडेसहा-सात तासांत पलीकडे. उलट दिशेला वारा समोरून, म्हणून आठेक तास, पण ते बहुधा दिवसाउजेडी. म्हणजे बिझनेसमधल्या सपाट होणाऱ्या सीटची, पलंगाची, खरी गरज असते त्या रात्री तो वापरायला वेळ नाही, आणि वेळ असतो तेव्हा झोप नाही.

माझं मत: युरोपकडे येताना पैसे टाकावेत, अमेरिकेकडे जाताना टाकू नयेत. नवऱ्याचं बरोबर उलट. तो म्हणतो, झोपायला एवढे पैसे कशाला, जागं राहून खायचं-प्यायचं असेल तरच वसूल. घरातला वाद मिटेना म्हणून इथे आणलाय.

लिहिताना तिकीट स्वतःच्या खिशातून, ऑफिसच्या की पॉइंट्सवर ते जरूर सांगा. मत त्यावर फार बदलतं. आणि तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको.

टेम्सकर :
ऑफिसच्या पैशांनी, लंडन–न्यूयॉर्क, बरीच वर्षं. धागाकर्तीशी सहमत, पण हिशेब नीट मांडू या.

तिकिटावरच्या सात तासांतला अर्धा तास तर न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर रांगेत सरकण्यात जातो. उडाल्यावर पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. मग गरम टॉवेल, पेय, बदाम-काजूची वाटी, मग टेबलावर कापड अंथरून एकेक पदार्थ. दीड तास गेला. उतरायच्या सव्वा तास आधी दिवे लागतात आणि नाश्त्याचा वास सुटतो. राहिले साडेतीन तास. त्यातही शेजारचा मोठ्या आवाजात हसत विनोदी मालिका बघणारा निघाला तर तीन.

म्हणून जेवण लाउंजमध्येच उरकायचं. रात्रीच्या विमानांसाठी काही कंपन्या न्यूयॉर्कच्या लाउंजमध्ये पूर्ण जेवण देतात ते याचसाठी. विमानात चढताच सांगायचं, "जेवण नको, नाश्त्यालाही उठवू नका." कपडे बदलायचे ते विमान उभं असतानाच, नंतर टॉयलेटपुढे रांग लागते. एवढं केलं तर पाच तास पदरात पडतात. उतरल्यावर हीथ्रोला काही कंपन्यांची खास उतरणाऱ्यांसाठी लाउंज आहेत, तिथे अंघोळ होते. दहाच्या मीटिंगला माणसासारखं तोंड घेऊन जाता येतं. ऑफिस पैसे मोजतं ते त्या तोंडाचे.

हिवाळ्यात मागून जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा, ढकलते तेव्हा आणखी गंमत. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. मागच्यांची पाच तासांत सुटका झाली. पुढच्यांनी मात्र झोपेचे पैसे परत मागायला हवे होते.

मागची_रांग :
मी गरीब बिचारा इकॉनॉमीवाला. पण उत्तर आहे माझ्याकडे. न्यूयॉर्कहून सकाळी आठ-साडेआठला लंडनची विमानं असतात, दिवसाची. रात्री आठ-साडेआठला हीथ्रो, घरी जाऊन स्वतःच्या गादीवर झोप. रात्रीच्या बिझनेसपेक्षा दिवसाची इकॉनॉमी शरीराला बरी, आणि तिकीट चौथ्या-पाचव्या हिश्श्यात. फक्त दिवस जातो.

टेम्सकर :
दिवस जातो हेच तर ऑफिसला नको असतं. पण सुट्टीसाठी जाणार असाल तर शंभर टक्के मागची_रांग यांचं ऐका.

जुना_उडता :
हल्लीची पिढी सीटला दार नाही म्हणून कुरकुरते, म्हणून थोडा इतिहास. नव्वदच्या दशकात बिझनेस म्हणजे रुंद आरामखुर्ची, बास. पूर्ण सपाट होणारा बिछाना बिझनेसमध्ये ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणला. एका रांगेत आठ सीट, २-४-२. खिडकीकडची सीट मागे तोंड करून, तिच्या शेजारची पुढे तोंड करून. पडदी वर करेपर्यंत दोन अनोळखी माणसं एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसत. पडदी आधी कोणी सरकवायची हा शिष्टाचाराचा प्रश्न. लगेच सरकवली तर उद्धट दिसतं, न सरकवावी तर सात तास टक लावून बसायचं. इंग्रज मंडळी विमान उडेपर्यंत थांबत, हे माझं निरीक्षण.

इतर काहींकडे तेव्हा तिरका बिछाना होता. सरळ होई, पण उतरता. झोप लागली की माणूस हळूहळू पायांकडे घसरत जायचा. २०१७ मध्ये डेल्टाने दारं लावली, २०१९ मध्ये ब्रिटिश एअरवेजनेही, आणि टक लावण्याचा प्रश्न मिटला.

सगळ्यात लाडका अनुभव मात्र लंडन सिटी विमानतळाहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या छोट्या एअरबस ए-३१८ विमानाचा. अख्ख्या विमानात ३२ सीट, सगळ्या बिझनेस. सिटीची धावपट्टी आखूड, पूर्ण इंधन भरून उडता येत नसे. म्हणून जाताना आयर्लंडमध्ये शॅननला थांबायचं. इंधन भरेपर्यंत प्रवाशांनी खाली उतरून अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकायचं, आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर. फ्लाइट नंबर बीए १, जो पूर्वी काँकॉर्डचा, आवाजाहून वेगाने उडणाऱ्या विमानाचा, होता. २००९ ला सुरू झालं, २०२० च्या कोविडमध्ये बंद पडलं ते पडलंच. पैसे कोणाचे? कंपनीचे. स्वतःच्या पैशांनी मी एवढा इतिहास पाहिला नसता.

पार्ल्याच्या_आजी :
मुलाने पॉइंट्सवर काढून दिलं. मुंबई–लंडन साधं, लंडन–बॉस्टन बिझनेस. त्याचं म्हणणं, दोन्ही करून देणं परवडत नाही, पण दुसऱ्या टप्प्यात तुमचे पाय सुजतात तेव्हा आडवं व्हायला मिळू दे. आम्ही नको नको म्हटलं ते उगाच.

सीटच्या रचनेबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. एका ओळीत चार सीट, १-२-१. मुलाने हौसेने आम्हाला दोघांना खिडकीच्या सीट घेतल्या, एकामागे एक. "हे" माझ्या मागे. मध्ये भिंत. आमचं सगळं बोलणं उठून, वळसा घालून. एकदा यांनी पुढे येऊन विचारलं, "चहा घेतेस का?" मी म्हटलं, "अहो, तो त्यांनी आणून द्यायचाय, तुम्ही नाही." जोडप्याने मधल्या दोन सीट घ्याव्यात. त्यातही काही विमानांत त्या एकमेकींना चिकटून असतात, काहींत मध्ये फूटभर फळी. आधी नकाशा बघून घ्यावा.

जेवण शाकाहारी हिंदू, म्हणजे एव्हीएमएल, आधी नोंदवलं होतं. मला वाटलं पुढच्या वर्गात काही निराळं असेल. पनीर, भात, डाळ, तेच. ताटली चिनी मातीची, एवढा फरक. शेजारच्या गोऱ्या बाईला मशरूमचं काहीतरी सुंदर दिसणारं आलं, तेही शाकाहारीच होतं आणि छापील मेनूमध्ये होतं! मेनूत शाकाहारी पदार्थ असतो तर वेगळं नोंदवायची गरज काय, हे मुलाला विचारलंय. उत्तर अजून नाही.

आडवं झाल्यावर पट्टा पांघरुणाच्या वरून बांधायचा, नाहीतर हवा खराब झाली की तो दिसावा म्हणून उठवतात. आणि व्हीलचेअर कुठल्याही वर्गात फुकट मिळते. तेवढ्यासाठी कोणी मुलांना खर्चात पाडू नये. पाय सुजले नाहीत, हे खरं.

केबिनमधली :
एका युरोपीय कंपनीत काम केलंय, आता सोडलं. आजींच्या प्रश्नाचं उत्तर: मेनूतला शाकाहारी पदार्थ मोजकाच भरलेला असतो, शेवटच्या रांगेपर्यंत संपू शकतो. नोंदवलेलं ताट तुमच्या सीट नंबरानिशी येतं. अंडं, चीज चालत असेल तर मेनूवर जुगार खेळावा, नसेल तर नोंदवावं, तेही निदान २४ तास आधी. जैन जेवण वेगळं नोंदवता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

गेटवर फुकट अपग्रेड मिळतं का, हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारतात. इकॉनॉमी जास्त विकली गेली असेल तर मिळतं, पण ती यादी जमिनीवर ठरते आणि वर बहुधा त्या कंपनीने वारंवार उडणारे असतात. कोट घालून गेल्याने, हनिमून आहे म्हटल्याने काही होत नाही. आमच्या हातात तर काहीच नसतं. मिठाईचा डबा मात्र आम्ही घेतो, मनापासून.

उंचावर जिभेला मीठ आणि गोड कमी लागतं, म्हणून महागातली वाइनही पाणचट वाटते आणि टोमॅटोचा रस एकदम आवडायला लागतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत केबिनचा दाब साधारण सहा हजार फुटांवरचा ठेवतात, जुन्या विमानांत आठ हजारांपर्यंत जातो. उतरल्यावर डोकं कमी जड लागतं त्यात याचा वाटा आहे, आणि तो इकॉनॉमीलाही तेवढाच मिळतो. विमान कुठलं ते बघा, मग वर्ग.

हिवाळ्यात अमेरिकेहून युरोपला रात्री येत असाल तर डावीकडची खिडकी घ्या. उत्तर त्या बाजूला. उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसला तर आम्ही जाग्या लोकांना सांगायचो. पैसे भरून झोपलेल्यांना उठवायचं की नाही, यावर गॅलीत, म्हणजे विमानातल्या किचनमध्ये, दरवेळी भांडण.

बाळाची_आई :
स्वतःच्या पैशांनी, आणि आकडा बघून नवरा गप्पच झाला. मांडीवरच्या बाळाचं तिकीट आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के धरतात. इकॉनॉमीत ते किरकोळ असतं. बिझनेसच्या भाड्याचे दहा टक्के म्हणजे सेलमधलं इकॉनॉमीचं परतीचं तिकीट! पाळणा लावायच्या जागा बिझनेसमध्ये मोजक्या, त्या फोन करूनच धरून ठेवाव्या लागतात.

लोकांच्या नजरा? चढताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर "देवा, माझ्या शेजारी नको". लेकीने टेकऑफला सूर लावला आणि नंतर माझ्या कुशीत सपाट पलंगावर झोपली. जागं राहिलो आम्ही. त्यातही एक सूटवाला गृहस्थ स्वतःहून म्हणाला, मी धरतो, तुम्ही जेवून घ्या. त्याची मुलं कॉलेजात होती.

माइल्सवाला :
पॉइंट्स. विचारलंय म्हणून थोडक्यात.

स्पेनच्या इबेरिया कंपनीची माद्रिद–न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो ही विमानं कमी गर्दीच्या तारखांना बरीच वर्षं एका दिशेला ३४ हजार एविओसमध्ये (इबेरिया आणि ब्रिटिश एअरवेजचे पॉइंट्स) मिळायची. आता दर वाढलेत, तरी बघण्यासारखं. लंडनहून निघताना दोन गोष्टी खिसा कापतात, कंपनीचा सरचार्ज आणि ब्रिटनचा प्रवासी कर. वरच्या वर्गाला तो कर न्यूयॉर्कपर्यंत दोनशे पौंडांच्या वर आहे. तो ब्रिटनमधून प्रवास सुरू करणाऱ्याला लागतो, नुसतं विमान बदलणाऱ्याला नाही. म्हणून लंडनचे लोक डब्लिनहून तिकीट काढतात. डब्लिनला अमेरिकेचं इमिग्रेशनही तिथेच होतं, जुना_उडता म्हणाले त्या शॅननसारखं.

पैसेच द्यायचे तर ला कॉम्पानी या फ्रेंच कंपनीचं पॅरिस–नेवार्क बघा. ७६ सीट, सगळ्या बिझनेस, रचना मात्र २-२, म्हणजे खिडकीवाल्याने शेजाऱ्याला ओलांडायचं. अमेरिकेची जेटब्लू २०२१ पासून लंडनला जाते, तिचे सेलही लक्षात ठेवा.

अपग्रेडची बोली लावता तेव्हा ती सहसा दर माणशी, दर टप्प्याला असते. चौघांच्या कुटुंबाने बोली लावण्याआधी चारने गुणावं.

मागची_रांग :
पुन्हा मीच. ब्रिटिश सरकार कार्बनचा हिशेब करायला जे आकडे छापतं त्यात लांब पल्ल्याच्या बिझनेस प्रवाशाच्या नावावर इकॉनॉमीवाल्याच्या जवळजवळ तिप्पट धूर पडतो, कारण जागा तेवढी अडते. कोणी जाऊ नये असं नाही. पण "विमान तर जाणारच होतं" हे इथे कोणी लिहू नये, एवढंच.

अवांतरप्रेमी :
डच कंपनी केएलएमची निळी-पांढरी घरं कोणी जमवतं का? लांबच्या विमानात बिझनेसवाल्यांना डच घराची छोटी प्रतिकृती देतात, आत येनेव्हर दारू. दर ७ ऑक्टोबरला कंपनीच्या वाढदिवसाला नवं घर, आणि क्रमांक कंपनीच्या वयाइतका. २०१९ ला शंभरावं आलं. आमच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी एक आहे. आईने आतली दारू बेसिनमध्ये ओतल्याशिवाय ते ठेवू दिलं नाही.

धागाकर्ती :
नवऱ्याने सगळं वाचलं. म्हणाला, "बघ, आजी जागी होती म्हणून एवढं लिहू शकली." आता एक प्रश्न. परतीचं तिकीट निघालंय, बॉस्टन–लंडन, रात्रीचं. सीट कुठली घेऊ?

टेम्सकर :
किचन आणि टॉयलेटपासून लांब, हे कुणीही सांगेल. पण खरी भानगड पायांची आहे. बऱ्याच नव्या सीटमध्ये पाय पुढच्या सीटखालच्या अरुंद कप्प्यात जातात. कुशीवर वळणारे, गुडघे पोटाशी घेणारे तिथे अडकतात. भिंतीला लागून असलेल्या पहिल्या रांगेत तो कप्पा सहसा रुंद असतो. पहिली रांग मिळाली तर डोळे झाकून घ्या. पाळणे मात्र तिथेच लावतात.

बाळाची_आई :
हो, तिथेच. हात करा, ओळख सांगा!