न्यायाधीशांना संरक्षण, पण कशापासून?
न्यायाधीशावर खटलाच चालत नाही, असं म्हटलं जातं; ते अर्धंच खरं. अमेरिकेत न्यायदानाच्या कामाबद्दल न्यायाधीशावर भरपाईचा दावा चालत नाही. फौजदारीत ती ढाल नाही. मिलवॉकीच्या तेव्हाच्या न्यायाधीश हॅना डुगन यांचा हाच बचाव टिकला नाही. इमिग्रेशन एजंट पकडायला आले असता त्यांनी आपल्या कोर्टातल्या एका स्थलांतरिताला दुसऱ्या दाराने बाहेर काढलं, असा आरोप होता. डिसेंबर २०२५ मध्ये ज्यूरीने त्यांना एजंटांच्या कामात अडथळा आणल्याबद्दल दोषी धरलं, त्या माणसाला लपवल्याच्या आरोपातून सोडलं.

खरी मेख वॉरंटची. एजंटांकडचं वॉरंट प्रशासकीय, सही न्यायाधीशाची नाही, इमिग्रेशन अधिकाऱ्याची. त्यावर खासगी जागेत शिरता येत नाही, पण कोर्टाचा व्हरांडा सार्वजनिक. गंमत म्हणजे, डुगननी त्या माणसाला दाखवलेलं ज्यूरीचं दार आतल्या बोळातून पुन्हा त्याच मजल्यावरच्या व्हरांड्यात निघतं!

उलट बाजूही बघा: अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या एग्बर्ट निकालानंतर फेडरल (केंद्र सरकारच्या) एजंटाकडून घटनाभंगाची भरपाई मिळवणं जवळपास अशक्य झालंय.