प्रति: चर्चची पत्रं फक्त ख्रिसमसलाच येतात का?

वर विचारलंय की पाद्री लोक पत्रं फक्त ख्रिसमसला पाठवतात का, तर नाही हो. इथे अमेरिकेत आमच्या गल्लीतल्या छोट्या एपिस्कोपल चर्चला पाद्रीबाई आहेत (या पंथाने १९७६ साली स्त्रियांना पाद्री व्हायची मान्यता दिली), त्या ॲडव्हेंटला म्हणजे ख्रिसमसआधीचे चार रविवार असतात तेव्हा, मग लेंटला म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत, ईस्टरला असं वर्षभर लिहितात. मला लेंटचं सगळ्यात भिडतं. मागच्या वर्षीच्या पाम संडेच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) झावळ्या घरी जपल्या असतील तर आणून द्या म्हणतात, त्याच जाळून राख करतात आणि ॲश वेन्सडेला, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, अंगठ्याने कपाळावर क्रॉस काढतात. यंदा खाली पेनाने लिहिलेलं, पायऱ्या चढवत नसतील तर फोन करा, मी राख घेऊन घरी येते. शेजारच्या आजींनी ते पत्र अजून फ्रिजवर लावून ठेवलंय.