सेकंडहँड बाईकचा इंजिनचा दिवा गरम झाल्यावरच लागतो. सेन्सर बदलू की आधी वायरिंग बघू?

मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहितीवर तुम्हाला अंदाज बांधायला लावणं बरं नाही.

दोन महिन्यांपूर्वी एक वापरलेली १२५ सीसी बाईक घेतली. फ्युएल इंजेक्शनची, एअर-कूल्ड, मीटरवर ३१,००० किलोमीटर. मी तिसरा मालक. घेताना चावी ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि दोनेक सेकंदांत जातो, एवढं मी मुद्दाम पाहिलं होतं. दिवा लागलाच नसता तर कुणीतरी तो काढून ठेवलाय असं समजलो असतो. तो बरोबर लागला, बरोबर गेला. टेस्ट राईड मात्र पाच-सात मिनिटांचीच घेतली, आणि तिथेच चुकलं.

कारण हा दिवा थंड गाडीवर कधीच लागत नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं गाडी छान चालते. मग पन्नास-पंचावन्नच्या एकसारख्या वेगात असताना दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. गाडी बंद पडत नाही, झटके देत नाही, पिकअपही फारसा कमी वाटत नाही. थांबलो की मात्र आयडलिंग जड वाटतं आणि सायलेन्सरकडून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. चावी बंद करून लगेच पुन्हा चालू केली की दिवा गायब. आठ-दहा मिनिटांनी परत हजर.

चालताना दिवा सलग पेटलेला असतो, पण आयडलला आला की लुकलुकतो. ओनर्स मॅन्युअलमध्ये याबद्दल काही नव्हतं, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडलं. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. गाडी बाजूला घेऊन मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि घरी चार वेळा पाहिला: दोन लांब, एक छोटी. म्हणजे २१. माझ्या गाडीच्या तक्त्यात २१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, धुरातला ऑक्सिजन ओळखणारा.

आतापर्यंत मी केलेलं काम: बॅटरी मोजली, गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, रेस दिल्यावर १३.९. प्लग काढून पाहिला, टोकावर कोरडी काळी काजळी. एअर फिल्टर नवा टाकला. सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिना स्वच्छ दिसल्या. फरक शून्य. ॲव्हरेज सुरुवातीला ४८ मिळत होतं, आता ३९ वर आलंय.

दोन मेकॅनिकना दाखवली. पहिल्याने कोड ऐकला आणि गाडीला हातही न लावता म्हणाला, "सेन्सर गेलाय, नवा टाकू." दुसरा म्हणाला, "गाडी चालतेय ना? दिव्याची वायर काढून देतो, डोक्याला ताप नको." ते मी करणार नाही. माझा धाकटा भाऊ रात्रपाळीहून याच गाडीने येतो. उद्या खरंच काही बिघडलं तर त्याला सांगणारा तो एकच दिवा आहे.

मला विचारायचंय ते असं. कोड ऑक्सिजन सेन्सरचा आला म्हणजे सेन्सरच खराब, असं धरायचं का? सेन्सर महाग भाग आहे आणि एकदा उघडला की दुकानदार परत घेत नाही. घरच्या मल्टीमीटरने सेन्सर आणि वायरिंग यांतला दोष वेगळा ओळखता येतो का? आणि तोपर्यंत गाडी चालवत राहिलो तर काही नुकसान?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. पिवळा दिवा सलग असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घरी किंवा गॅरेजपर्यंत आरामात जाता येतं. ऑइलचा लाल दिवा असता तर जागच्या जागी इंजिन बंद करा म्हटलं असतं. पण महिनोन्महिने असंच चालवू नका. जादा पेट्रोल जळतंय, ते प्लगवर दिसतंयच, आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) त्याने तापून खराब होतो.

एक सांगा, सायलेन्सर कंपनीचाच आहे का? आधीच्या मालकाने बदललेला वाटतो का?

धागाकर्ता

धन्यवाद. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन पाहिलं. सायलेन्सर कंपनीचा दिसतो, पण सिलेंडरला बेंडपाईप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाईप) जिथे बसतो तिथले दोन्ही नट नवे, चकचकीत आहेत. आजूबाजूचे सगळे बोल्ट गंजलेले. म्हणजे कधीतरी काढून परत बसवलाय. मधल्या काळात दुसरा सायलेन्सर लावला असेल आणि विकताना मूळचा परत चढवला असेल, असं वाटतंय.

प्रतिसाद

भाऊ, या नव्या नटांमध्येच तुमचं उत्तर असावं असं वाटतंय. मी बरीच वर्षं इंजेक्शनच्या गाड्यांवर काम करतो, त्यावरून लिहितो.

पहिली गोष्ट, कोड भागाचं नाव सांगत नाही. ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, अमुक वायरवर जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, एवढंच तो सांगतो. सेन्सर, कपलर, मधली वायर, अर्थिंग, यातलं काहीही असेल तरी कोड तोच येतो. "२१ आला, सेन्सर टाका" म्हणणाऱ्याने तुमच्या पैशाने अंदाज लावला.

दिवा गरम झाल्यावरच का लागतो, ते समजून घ्या. ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय कामच करत नाही. थंड गाडीत ईसीएम त्याच्याकडे बघतही नाही, ठरलेल्या मापाने पेट्रोल सोडतो. इंजिन तापलं आणि तुम्ही एकसारख्या वेगात आलात की मग तो सेन्सरचं ऐकायला लागतो. म्हणजे दोष सकाळी गाडी काढतानाही असू शकतो, तो पकडला जातो वीस मिनिटांनी. चावी बंद-चालू केल्यावर दिवा जातो तोही यामुळेच. तपासणी पहिल्यापासून सुरू होते. तुमच्या पाच मिनिटांच्या टेस्ट राईडमध्ये तो दिसणं शक्यच नव्हतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

आता पेट्रोलचा वास. धुरात ऑक्सिजन जास्त असला, म्हणजे मिश्रण पातळ असलं, की सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास देतो. मिश्रण दाट झालं की ०.९ च्या आसपास. चांगल्या सेन्सरचा आकडा या दोघांमध्ये सतत झोके घेतो. सेन्सरची वायर सोलून कुठे चासीला किंवा इंजिनला टेकली तर ईसीएमला शून्य दिसतं. त्याला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. वाढवूनही आकडा हलत नाही, तेव्हा कुठे तो दिवा लावतो. तुमची काजळी, वास, घटलेलं ॲव्हरेज, सगळं याच्याशी जुळतं. नुसता म्हातारा झालेला सेन्सर बहुधा हळू प्रतिसाद देतो, असा एकदम मुका होत नाही.

करायचं असं. इंजिन वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, कपलर जोडलेलाच राहू द्या. मागच्या बाजूने सिग्नलच्या वायरशेजारून बारीक टाचणी आत सरकवा, लाल प्रोब तिला आणि काळी बॅटरीच्या मायनसला. रेस साधारण ३००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) धरा. आकडा झोके घेत असेल तर सेन्सर जिवंत आहे. मग दुसऱ्या कुणाला ती वायर कपलरपासून सेन्सरपर्यंत आणि कपलरपासून मागे थोडी थोडी हलवायला सांगा. जिथे हलवल्यावर आकडा धप्पकन शून्यावर येईल, तिथे दोष. लाकडी चमच्याच्या दांड्याने हलवा, बोटांनी नको, बेंडपाईप तापलेला असतो.

काही गोष्टी करू नका. चावी ऑन असताना कपलर काढू नका, एक नवाच कोड साठेल. सिग्नलच्या वायरवर ओहममध्ये मोजू नका, मीटरमधल्या करंटने सेन्सरला इजा होऊ शकते. एकाच वायरचा सेन्सर असेल तर त्याचं अर्थिंग आट्यांमधून होतं, तेव्हा आट्यांना टेप गुंडाळू नका. आणि बेंडपाईपच्या जोडाला साधं सिलिकॉन लावू नका, त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा निकामी होतो.

बेंडपाईपचं गॅस्केटही बघा. तो पाईप काढला की गॅस्केट नवं घालायचं असतं, पुष्कळजण जुनंच दाबून बसवतात. तिथून फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ असल्याचा भास होतो. थंड इंजिन चालू करून जोडाजवळ कान द्या, टिकटिक ऐकू येते का. जोडाभोवती काळा पट्टा दिसतो का, तेही पाहा.

धागाकर्ता

दादा, काय बोलू. रविवारी सकाळी भावाला शेजारी बसवून तुम्ही लिहिलंय तसंच सगळं केलं.

गॅस्केट ठीक. टिकटिक नाही, काळा पट्टा नाही.

गाडी गरम केली, टाचणी लावली. मीटरवर ०.२, ०.७, ०.३, ०.८ असे आकडे पळत होते. दोन महिने ज्याला मेलेला समजत होतो तो सेन्सर डोळ्यांसमोर काम करत होता! भाऊ चमच्याचा दांडा घेऊन वायर ढकलत गेला. सेन्सरजवळ काही नाही. कपलरजवळ काही नाही. सिलेंडरच्या मागे, जिथे वायर पंख्यांच्या (सिलेंडर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) कडेवरून वर जाते, तिथे दांडा लागला आणि आकडा सरळ ०.०० वर. दांडा काढला की परत ०.६. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच.

इंजिन थंड होऊ दिलं आणि टाकी सैल करून उचलली. वायरला मूळची एक पत्र्याची क्लिप असते, ती तिला इंजिनपासून दूर धरते. क्लिप जागेवर होती, पण रिकामी. वायर तिच्या बाहेरून, पंख्यांवर टेकून गेलेली. काळं आवरण वितळून चपटं झालं होतं आणि खालच्या बाजूने, वरून बघून कधीच दिसलं नसतं अशा जागी, नखाच्या चंद्राएवढं तांबं उघडं. समोरच्या पंख्याच्या कडेवर तेवढाच एक घासून चमकलेला ठिपका. सायलेन्सर बदलताना कुणीतरी वायर क्लिपमधून काढली आणि परत घातलीच नाही, एवढीच ती गोष्ट. पन्नास-पंचावन्नलाच दिवा का लागायचा तेही कळलं असं वाटतं, त्या वेगाला गाडीचं कंपन असं असतं की वायर नेमकी टेकत असणार.

तांब्याच्या तारा तुटलेल्या नव्हत्या. आधी हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवलं, त्यावर उष्णता सोसणारी फायबरची स्लीव्ह, आणि वायर क्लिपमध्ये परत बसवली. प्लग साफ केला. मग तीन दिवसांत मिळून १४० किलोमीटर चालवली, त्यातला एक पट्टा सलग पाऊण तासाचा. दिवा नाही, वास नाही. ॲव्हरेज अजून मोजलेलं नाही, टाकी पूर्ण भरून दोनदा मोजेन तेव्हा लिहीन.

आता एकच शंका उरली. सर्व्हिस कपलर (कोड वाचण्यासाठी दिलेला जोड) शॉर्ट करून साठवलेले कोड पाहिले तर जुना २१ अजून दिसतोय. बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवली तरी गेला नाही. म्हणजे दोष अजून आहे का?

प्रतिसाद

नाही, काळजी करू नका. चालताना दिवा लागत नाही म्हणजे आत्ताचा दोष नाही. साठवलेला कोड ही जुनी नोंद आहे. पुष्कळ गाड्यांमध्ये ती अशा मेमरीत असते की बॅटरी काढली तरी पुसत नाही. तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कोड पुसायची वेगळी रीत दिलेली असेल: ठरावीक सेकंदांत तोच कपलर काढून परत शॉर्ट करायचा असतो. तुमच्याच मॉडेलची वेळ बघून करा, दुसऱ्या गाडीची वापरू नका. पुसला की पुन्हा शंभरेक किलोमीटर चालवा आणि परत बघा.

स्लीव्हवर केबल टाय लावला असेल तर तो सिलेंडरपासून लांब घ्या. प्लास्टिक आहे, तिथे टिकणार नाही.

धागाकर्ता

टाय लावला होता, सिलेंडरला चिकटूनच. आत्ता काढून वर फ्रेमला बांधला.

कोडही पुसला गेला, दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्यांदा मी सेकंद मोजण्यात मागे पडलो. आज रात्री भाऊ गाडी घेऊन जातोय. दिवा लागला तर थांबून लुकलुकीचा व्हिडिओ काढून पाठव, असं त्याला सांगून ठेवलंय.